हळदीच्या अंगणातला डीजे : काय घ्यावे, काय टाळावे

चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कामण लागते. जवळच तुंगारेश्वराचे डोंगर आणि कामणदुर्ग, वसई रोड–दिवा मार्गावरचे कामण रोड स्टेशन, आणि सगळीकडे पसरलेली गोदामे, कारखाने, आगरी-कोळ्यांची गावे, आदिवासी पाडे. लग्नसराई लागली की या पट्ट्यात डीजेवाल्याला उसंत नसते. त्यातही लग्नापेक्षा हळदीची रात्र मोठी. वऱ्हाडाच्या जेवणावळीत एखादी भाजी कमी पडली तर लोक समजून घेतील, पण हळदीला डीजे बंद पडला तर त्याची चर्चा पुढच्या लग्नापर्यंत चालते.

हा धंदा करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणापुढे पहिला प्रश्न एकच असतो : गाणी वाजवायची कशावर? लॅपटॉप आणि कंट्रोलरवर, नुसत्या पेन ड्राइव्हवर चालणाऱ्या डेकवर, की मोबाइलवर? त्यामागोमाग बाकीचे प्रश्न येतात. टॉप कोणते, बेस किती, ॲम्प कसला, जनरेटर स्वतःचा की भाड्याचा. दुकानात गेलो की या सगळ्याचे रूपांतर कंपनीच्या नावांत आणि वॅटच्या आकड्यांत होते. माझे म्हणणे असे की कामणसारख्या गावात धंदा करणाऱ्याने दोनच कसोट्या लावाव्यात. वाजता वाजता एक वस्तू बंद पडली तर गाणे चालू राहते का? आणि आवाज खाली ठेवावा लागला तरी गाणे अंगावर येते का? या दोन्हींत जे उतरत नाही ते कितीही महाग असले तरी इथे कामाचे नाही.

आजचा डीजे ज्या जागेवर उभा आहे ती जागा रिकामी नव्हती. आगरी, कोळी आणि वारली लग्नांत धवलारीण असे. विधीही तिचा आणि गाणेही तिचे, तेही कसलेही यंत्र न लावता. वारल्यांकडे तारपा होता. पुढे बेंजो पार्टी आली, ब्रास बँड आले. त्याच काळात झाडाला किंवा मांडवाच्या खांबाला बांधलेला कर्णाही आला. मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’च्या कर्ण्यांवर स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या सभा गाजल्या. नंतर गावोगावच्या मंडपवाल्यांकडे अहुजाचे ॲम्प्लिफायर आणि भोंगे दिसू लागले. कर्ण्यातून बेस येत नसे, पण भाषण, आरती आणि कोळीगीत लांबवर स्वच्छ ऐकू जाई. कॅसेटच्या जमान्यात ‘वेसावकर आणि मंडळी’ घराघरांत पोचली ती याच कर्ण्यांवरून.

परदेशात डीजेची कला तबकडीवर वाढली. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा टर्नटेबल १९७२ साली आला आणि पुढची कित्येक वर्षे क्लबांचा मानदंड ठरला. आपल्या गावांनी हा टप्पा जवळपास ओलांडूनच टाकला. आपण कॅसेटवरून थेट सीडीवर आलो. पायोनियरचा सीडीजे-१००० हा २००१ सालचा, पण तो मुंबईच्या क्लबांपुरता राहिला. गावात आला तो स्वस्त डबल सीडी प्लेअर आणि एमपी-थ्रीच्या सीड्यांची पिशवी. २००३ मध्ये ‘व्हर्च्युअल डीजे’ हे सॉफ्टवेअर निघाले आणि लॅपटॉप असलेला कोणीही डीजे होऊ शकला. आज या धंद्यात असलेल्या चाळिशीच्या आतल्या बहुतेकांचा हात त्याच सॉफ्टवेअरवर बसला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. लॅपटॉप आणि कंट्रोलर ही जोडी सर्वांत लोकप्रिय, आणि त्याला कारण आहे. हजारो गाणी सोबत राहतात, कुणी आयत्या वेळी फर्माईश केली तर नाव टाकून शोधता येते. २०२२ अखेर आलेला पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ हा दोन चॅनेलचा छोटा कंट्रोलर लॅपटॉपवरही चालतो आणि मोबाइलवरही. नव्या मुलाला शिकायला याहून चांगले साधन नाही. पण त्याच्या मागे एक्सएलआरचे आउटपुट नाही, फक्त आरसीए आहे. आरसीएची वायर लांब ओढली की गुणगुण पकडते. त्यामुळे कंट्रोलर एका टोकाला आणि ॲम्पचा रॅक दुसऱ्या टोकाला अशी मांडणी केली तर गाण्याच्या मधल्या शांत जागेत हम ऐकू येतो. उपाय सोपा आहे : वायर लहान ठेवा, किंवा मध्ये डीआय बॉक्स लावून पुढे बॅलन्स्ड वायर न्या. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावरच हम येत असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. काही जण चार्जरची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हे कधीही करू नये. ओल्या अंगणात नाचणाऱ्या माणसांमध्ये आपण वीज घेऊन उभे असतो.

कंट्रोलर न घेता लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून थेट मिक्सरला वायर देणारेही पुष्कळ आहेत. बारीक पिनला कुणाचा पाय लागला की एक बाजू गेलीच. त्यात सूचनांचे आवाज, आपोआप सुरू होणारे अपडेट, ब्लूटूथवर चुकून जोडला गेलेला कुणाचा तरी फोन. ज्या लॅपटॉपवर धंदा करायचा त्यावर दुसरे काही करू नये, तो कामाच्या वेळी इंटरनेटला जोडू नये आणि त्यात फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. चिंचोटी–कामण–भिवंडी रस्त्याचे खड्डे ज्याने टेम्पोत बसून खाल्ले आहेत त्याला एसएसडी का, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा मार्ग लॅपटॉपशिवायचा. २००९ मध्ये पायोनियरने सीडीजे-२००० आणि त्यासोबत ‘रेकॉर्डबॉक्स’ आणले. गाणी घरी संगणकावर तयार करायची, पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि फक्त पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघायचे, ही पद्धत तेव्हापासून रूढ झाली. २०१५ च्या एक्सडीजे-आरएक्सने दोन डेक आणि मिक्सर एकाच पेटीत दिले. डेननचा प्राइम गो (२०२०) तर बॅटरीवर सुमारे चार तास चालतो. महाग पडतात, हे खरे. पण हळदीच्या अंगणात या पेट्यांची खरी किंमत त्यांच्या साधेपणात आहे. बिघडायला त्यांच्यात वस्तू कमी असतात. दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. पेन ड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा, कारण जुन्या डेकना एनटीएफएस वाचताच येत नाही आणि हे नेमके हळदीच्या मांडवात कळते. आणि तसाच, त्याच गाण्यांचा दुसरा पेन ड्राइव्ह दुसऱ्या खिशात असावा.

इथे एक बारकावा सांगतो, जो दुकानात कोणी सांगत नाही. वीज गेली तर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो आणि त्याच्या यूएसबीवर चालणारा कंट्रोलरही चालू राहतो. जनरेटर सुरू झाला की ॲम्प जागे होतात, गाणे चालूच असते. लॅपटॉपविना चालणारा बिनबॅटरीचा डेक मात्र विजेबरोबर मरतो, परत सुरू व्हायला वेळ घेतो, आणि तोवर लोक शिट्ट्या मारतात. म्हणून असा डेक घेणाऱ्याने त्याच्याबरोबर छोटा यूपीएस घेतलाच पाहिजे. यूपीएस फक्त डेक आणि मिक्सरसाठी, ॲम्पसाठी नव्हे.

मोबाइल किंवा टॅबवर ॲप टाकून वाजवणे हा तिसरा मार्ग. मुख्य साधन म्हणून तो मला पटत नाही. फोन येतो, बॅटरी तापते. पण राखीव साधन म्हणून मोबाइलइतके स्वस्त काही नाही : विमान मोडवर टाकलेला जुना फोन, त्यात तासभराचे सलग मिक्स, आणि मिक्सरच्या एका मोकळ्या चॅनेलला कायम लावलेली वायर. मुख्य यंत्र बंद पडले की एक फेडर वर. नाचणाऱ्याला कळतही नाही.

ऑनलाइन गाणी थेट वाजवण्याचा विचार इथे डोक्यातून काढून टाकावा. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर नेटवर्कचा भरवसा नाही. शिवाय सेवा देणाऱ्याच्या मनात आले की दार बंद. स्पॉटिफायने १ जुलै २०२० पासून डीजे सॉफ्टवेअरमधली सोय बंद केली होती आणि २०२५ मध्ये काही देशांत ती पुन्हा उघडली. कामणच्या डीजेने गाणी स्वतःजवळ ठेवावीत. तीही चांगल्या प्रतीची. आजची आगरी-कोळी गाणी आधी यूट्यूबवर येतात आणि तिथून उतरवलेली, दोनदा-तीनदा दाबली गेलेली फाइल डीजेच्या लॅपटॉपमध्ये पोचते. घरच्या छोट्या स्पीकरवर फरक कळत नाही. मोठ्या टॉपवर तीच फाइल कानात टोचते, गायिकेचा आवाज पत्र्यासारखा येतो. मग ऑपरेटर ट्रेबल कापतो, बेस वाढवतो, आणि सगळा चिखल होतो. गाणे विकत घेता येत असेल तर घ्यावे. गायक-निर्माते आपल्याच भागातले असतील तर त्यांच्याकडून मूळ ३२० केबीपीएसची प्रत मागावी. लाखाच्या टॉपपेक्षा या फाइलने जास्त फरक पडतो, असे मी ठामपणे म्हणेन.

विजेवर थोडे थांबायला हवे, कारण यंत्रे जळतात ती बहुतेक इथेच. घरगुती जोडणी २३० व्होल्टची. पण गावात येणारी लाइन तीन फेजची असते, आणि तिचा न्यूट्रल कुठे ढिला किंवा तुटलेला असेल तर एका फेजवरच्या घरात ४०० व्होल्टच्या आसपास वीज येऊ शकते. त्या क्षणी ॲम्पच्या सप्लायचा धूर होतो. म्हणून मांडवात पोचल्यावर पहिली बाहेर काढायची वस्तू म्हणजे मल्टिमीटर. फेज-न्यूट्रलमध्ये किती, न्यूट्रल-अर्थमध्ये किती, हे पाहिल्याशिवाय एकही प्लग लावू नये. लाइटच्या माळा, हॅलोजन आणि साउंड एकाच बोर्डावर घेऊ नयेत. सुरू करताना ॲम्प सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. जनरेटरवर जायचे असेल तर तो सुरू होऊन स्थिर झाल्यावरच लोड टाकावा. जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पला उचलायला दोन माणसे लागतात. आजचे डी-क्लास ॲम्प हलके आहेत आणि वीजही कमी खातात. छोट्या जनरेटरवर काम करणाऱ्याला हा फायदा मोठा आहे.

टॉप आणि बेस ॲक्टिव्ह घ्यावेत की पॅसिव्ह, यावर धंद्यात कायम वाद असतो. ॲक्टिव्हमध्ये ॲम्प, क्रॉसओव्हर, लिमिटर सगळे पेटीतच असते. जोडणी सोपी, चुकायला जागा कमी. पॅसिव्हचा फायदा दुरुस्तीत. कॉइल जळली तर कोन बदलून मिळतो, ॲम्प बिघडला तर लॅमिंग्टन रोडला नेता येतो आणि तोवर दुसरा ॲम्प लावून पुढची तारीख निभावता येते. एकट्याने, एका छोट्या टेम्पोत धंदा करणाऱ्याला मी ॲक्टिव्ह सुचवेन. मदतीला दोन पोरे आणि हाताशी ओळखीचा मिस्त्री असेल तर पॅसिव्ह. दोन्हींत एक गोष्ट सारखी : मिक्सरवरचा लाल दिवा सतत पेटू द्यायचा नाही. ॲम्प त्याच्या ताकदीबाहेर ताणला की आवाजाची लाट कापली जाते, आणि त्या कापलेल्या लाटेने टॉपचे डायफ्राम जळतात. कमी वॅटच्या ॲम्पने टॉप उडवलेले अनेकांनी पाहिले आहेत, तरी दोष कंपनीला दिला जातो.

वॅटचा मोह हाच या धंद्यातला सर्वांत खर्चिक मोह आहे. ॲम्पची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट ताकद लागते. त्याऐवजी ९७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या टॉपऐवजी १०० डेसिबलचा घेतला तर त्याच ॲम्पवर तीच ३ डेसिबलची वाढ फुकट मिळते. खोक्यावरचा वॅटचा आकडा वाचण्याआधी हा आकडा वाचायला शिकावे.

आणि मुळात आवाज किती हवा? ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. सार्वजनिक जागी लाउडस्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढीच मुभा. खासगी जागेत फक्त ५ डेसिबल जास्त. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाजवणे बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत जी सवलत देता येते ती सण-उत्सवांसाठी, कुणाच्या घरच्या हळदीसाठी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातल्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये हे नियम कडकपणे राबवायला सांगितले. २०१८ च्या गणेशोत्सवात साउंडवाल्यांची ‘पाला’ ही संघटना डीजेबंदीविरुद्ध उच्च न्यायालयात गेली, पण न्यायालयाने बंदी उठवली नाही.

या आकड्यांचा अंगणातला अर्थ पाहा. उघड्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १०० असेल तर ४ मीटरवर ८८, १६ मीटरवर ७६, ६४ मीटरवर ६४. म्हणजे दिवसाउजेडीही, सार्वजनिक मैदानात, हद्द साठ-पासष्ट मीटरवर असेल तेव्हा कुठे एक मीटरवर १०० डेसिबल नियमात बसतात. कामणच्या वस्तीत शेजारचे घर त्याच्या चौथाई अंतरावर असते. एका टोकाला बेसची भिंत रचून दुसऱ्या टोकाच्या नाचणाऱ्यापर्यंत आवाज फेकण्याची पद्धत म्हणूनच चुकीची आहे. शेवटच्या रांगेला जेमतेम पुरेसा आवाज मिळेपर्यंत पहिल्या रांगेतल्या लहान मुलांचे कान बधिर होतात आणि शेजारच्या घरात आजारी माणूस उठून बसतो.

याला उत्तर आहे, आणि ते महाग नाही. चार छोटे टॉप मांडवाच्या चार खांबांवर, तोंडे आत, थोडी खाली झुकवलेली. नाचणारा कुठल्याही स्पीकरपासून तीन-चार मीटरवर. प्रत्येक टॉप हळू वाजतो, मांडवात गाणे भरून राहते आणि मांडवाबाहेर लवकर विरते. बेस दोनच, मध्यभागाजवळ. बेस तीन असतील तर एक मागे तोंड करून, पोलॅरिटी उलटवून आणि योग्य डिले देऊन लावला तर मागच्या बाजूचा बेस बराच कमी होतो. याला कार्डिओइड मांडणी म्हणतात आणि आजच्या साध्या प्रोसेसरवरही ती करता येते. मागे घर असेल तिथे ही मांडणी शिकून घेण्यासारखी आहे. ऑपरेटरने स्वतःचे कानही सांभाळावेत. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालते, १०० डेसिबल फक्त १५ मिनिटे. डीजेवाला तिथे रात्रभर उभा असतो, लग्नसराई संपेपर्यंत.

लाइटबद्दल फार लिहीत नाही. शार्पी आणि पार लाइट पुरेत. लेझर मात्र घेऊच नये. २०२३ च्या गणेशोत्सवात लेझरमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी राज्यभर गाजल्या आणि नंतर ठिकठिकाणी त्यावर बंदी आली. गाडीवर उंच रचलेल्या साउंडचाही मोह टाळावा. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारमधल्या हाजीपूरजवळ डीजेची गाडी उच्चदाबाच्या तारेला लागली आणि किमान आठ जणांचा जीव गेला. आपल्या गल्ल्यांतल्या तारा काही फार उंच नाहीत.

गाण्यांच्या हक्कांबाबत एक दिलासा आहे. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणे वाजवणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार भंग ठरत नाही, आणि केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने २४ जुलै २०२३ च्या जाहीर सूचनेत ते स्पष्ट केले आहे. कुणी हळदीच्या मांडवात येऊन परवाना मागितला तर ही सूचना दाखवावी. कंपनीच्या पार्टीला किंवा तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला ही सवलत नाही.

राहता राहिला पावसाळा. आषाढापासून गणपतीपर्यंत धंदा जवळपास बंद आणि हवेत इतका ओलावा की कोनवर बुरशी धरते, जोडण्यांना गंज चढतो. आठवड्यातून एकदा सगळा संच तासभर हळू आवाजात चालवावा. पेट्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवाव्यात. गणपतीच्या पहिल्या दिवशी बंद पडणारी यंत्रे बहुतेक जुलैतच बिघडलेली असतात.

कामणमध्ये आज नव्याने सुरू करणाऱ्याला मी खरेदीचा क्रम असा सांगेन. आधी मल्टिमीटर, चांगल्या वायरी आणि छोटा यूपीएस. मग एसएसडीचा लॅपटॉप आणि साधा कंट्रोलर, सोबत राखीव म्हणून जुना मोबाइल. मग चार छोटे ॲक्टिव्ह टॉप. बेस दोन, आणि तेही पहिल्या सीझनला भाड्याने आणले तरी चालतील. लॅपटॉपविना चालणारा डेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, पैसे हातात आल्यावर. लेझर आणि बेसची भिंत कधीच नाही.

आणि हळद ठरवणाऱ्या घरच्यांना एक विनंती. सुपारी देताना ‘किती बेस आणणार?’ हा प्रश्न आपणच विचारतो, म्हणून डीजेवाला बेस वाढवत जातो. त्याऐवजी विचारा : मुख्य यंत्र बंद पडले तर दुसरे काय आहे, स्पीकर कुठे-कुठे लावणार, आणि दहाला बंद करणार ना?